म्हैस उठली तर नापास

"गोठ्यात कुठं सेमिनरी असते का? उद्यापासून बंद!" बिशपसाहेबांनी नाकाला रुमाल लावून फर्मान सोडलं.

पौलस गुरुजींचा चेहरा पडला. चर्चसाठी पाळक, म्हणजे धर्मगुरू, घडवायला म्हणून त्यांनी मार्थाबाईंचा गोठा मागून घेतला होता. विद्यार्थी तीनच. उपदेशाचा सराव मार्थाबाईंच्या म्हशीपुढं चाले आणि उपदेश कंटाळवाणा झाला की ती सरळ उठून ओढ्याकडं निघे. खोटं बोलत असेन तर माझा उरलेला दात पडो!

"बंद करा की," मार्थाबाई म्हणाल्या, "पण आधी हिला एक उपदेश ऐकवून दाखवा, साहेब."

बिशपसाहेब हसत उभे राहिले. दुसऱ्याच वाक्याला म्हैस उठली आणि त्यांच्या टोपीला शेपटीचा फटका देऊन चालती झाली.

"आता आमच्या दाविदचं ऐका," म्हणत गुरुजींनी एका विद्यार्थ्याला पुढं केलं.

दाविदनं हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला घेतली. म्हैस ओढ्यातून चिखलासकट परत आली, खाली बसली आणि रवंथ करायची विसरली. गोष्ट संपली तेव्हा बिशपसाहेब तिच्या शेजारीच बसून नाकाचा रुमाल डोळ्यांना लावत होते.

"गुरुजी, जागा किती लागेल?"

आज तिथं तीन मजली सेमिनरी आहे, चार राज्यांतून मुलंमुली येतात. शेवटची परीक्षा मात्र गोठ्यातच होते. त्या म्हशीची पणती बसून राहिली, तरच पाळकाचा झगा मिळतो.

पदवीदानालाही ती पुढंच बसलेली असते. नवे बिशपसाहेब तिच्याकडं बघत बघत भाषण एका वाक्यात संपवतात.