पान एकशे ब्याण्णव

"दुसरं पुस्तक नको जी. बस, खुनी कोण ते सांगा."

बिरसी गावचा ऑटोवाला टिंकू कादंबरी घेऊन अंगणात उभा होता. शेवटचं पान नव्हतं. पुस्तकामागे पत्ता छापलेला, म्हणून लोक सरळ लेखकाच्या, बिसरामच्या घरी येत. या आठवड्यातला हा चौथा.

बिसराम काठी टेकून खाटेवरून उठला. अठ्ठावीस वर्षं त्याने झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक केला होता. गावोगावच्या बायांनी त्याला मनापासून शिव्या दिल्या होत्या. मग एका गावात स्टेज कोसळलं आणि डावा पाय कामातून गेला. कंपनीवाले दोनदा आले, केळी ठेवून गेले. नंतर कोणी आलं नाही. नाटकांसोबत चालणारं रहस्यकादंबऱ्या लिहिणं तेवढं चालू राहिलं, पण बोलणं बंद झालं. दिवसदिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

आता तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि गहाळ पान करून दाखवू लागला. आधी इन्स्पेक्टर झाला, मग खुनी, मग खुन्याची म्हातारी आई. ऑटोतल्या दोन सवाऱ्या उतरून कुंपणाशी आल्या. आई रडली तेव्हा टिंकूने बाहीला नाक पुसलं.

"पुस्तकात एवढं नसन जी," तो म्हणाला आणि ऑटोकडे वळला.

घामाघूम बिसराम घरात आला. दुर्गेश्वरी, त्याची बायको, चहा ठेवत होती.

"छापखानेवाला फोनवर शपथा घेऊन राहिला, पुस्तकं पुऱ्या पानांची गेली म्हणून," तो म्हणाला. " उद्या नागपूरले जातो. मी उभा राहून पुस्तकं बांधून घेतो."

"चहा घ्या पहिले," ती म्हणाली.

तो चुलीपाशी गेला. चुलीत कागद जळत होता. कोपरा तेवढा उरला होता: १९२. शेजारी, दुकानात पोचवायचा पुस्तकांचा नवा गठ्ठा, सुटलेला. त्यावर त्याच्याच मेकअपच्या पेटीतलं ब्लेड.

चौदा कादंबऱ्यांत त्याच्या इन्स्पेक्टरने विडीच्या राखेवरून खुनी पकडले होते.

दुर्गेश्वरीने पदर सारखा केला. "तुमी बोलतच नव्हते जी. मी तरी का करू?"

बिसराम पाटावर बसला. गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचलून त्याने तिच्यापुढे धरलं.

"यातली शेवटची दोन पानं काप," तो म्हणाला. "लोक जरा जास्त वेळ बसतीन."