रिकामा रकाना

"पत्त्याचा रकाना रिकामाच ठेवलास, पोरी," ठाण्यातल्या कारकून ओदिलबाईंनी फॉर्म खिडकीतून परत सरकवला.

कोलेट पोलीस ठाण्यात मारहाणीच्या रिपोर्टची प्रत मागायला आली होती. गुरुवारी कोर्टाची तारीख होती. जामिनावर सुटलेल्या नवऱ्याला, ड्वेनला, तिच्यापासून लांब ठेवायचं तर हा रिपोर्ट न्यायाधीशांपुढे जायला हवा होता. प्रत आज हातात मिळणार होती, जखमांचे फोटो मागाहून टपालाने. ते पाठवायचे कुठे? घरी ड्वेन होता. आणि ती राहत होती त्या आश्रयघराचा पत्ता कोणालाच द्यायचा नसतो.

"आईचा घाल की. अजून नदीकाठीच राहते ना ती?" गाव एवढंसं, ओदिलबाईंना सगळ्यांची घरं ठाऊक होती.

"तिथे नको. तिने मला कधीच टाकलंय."

सहा वर्षांपूर्वी आई दारात उभी राहून म्हणाली होती, त्याच्याशी लग्न केलंस तर हे दार तुला बंद. आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर दोघी एकदाच समोरासमोर आल्या, गेल्या जुलैत, वाणसामानाच्या दुकानात. एवढ्या उकाड्यात कोलेटने लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. आईने तिच्याकडे पाहिलं, बाह्यांकडे पाहिलं, आणि भरलेली ढकलगाडी तिथेच सोडून बाहेर निघून गेली. ड्वेनच्या माराहूनही ते जास्त लागलं होतं.

तरी आई हवी होती. आश्रयघरात रविवारी कोणी आईसारखी कुट्टूच्या पिठाची धिरडी घातली, की कोलेटला तिचं स्वयंपाकघर आठवायचं. लहानपणी बटाट्याच्या काढणीला शाळा बंद ठेवायचे आणि सगळी पोरं शेतात बटाटे वेचायला जायची. संध्याकाळी आई विचारायची, काही लागलं का? कोलेट नाही म्हणायची. "तोंडाचं राहू दे, हात दाखव," म्हणत आई तिचे तळवे उलटेपालटे करून बघायची आणि भेगांना गाईच्या सडांना लावायचं मलम चोळायची. त्या मलमाच्या वासासाठी कोलेट आज काय वाटेल ते द्यायला तयार होती.

ओदिलबाईंनी प्रत आणून दिली. फोन करणाऱ्याच्या नावावर काळी पट्टी होती. ते नाव झाकावंच लागतं, त्या म्हणाल्या. कोलेटला वाटलं, खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा असतील. पोलीस याआधीही तीनदा दारात आले होते. ड्वेन मागे उभा असायचा, ती हसून सगळं ठीक आहे म्हणायची आणि ते परत जायचे. चौथ्यांदा एक तरुण पोलीसबाई आली. तेच उत्तर ऐकून ती म्हणाली, हात दाखव. त्या दोन शब्दांनी कोलेटचं सगळं अवसान गळालं. तिने बाह्या वर केल्या. या परक्या बाईला हे सुचलं कसं, याचं कोडं तिला अजून सुटलं नव्हतं.

दुसऱ्या पानावर आतापर्यंतच्या सगळ्या फोनांची यादी होती. ती तिने खालून वर वाचली. मार्च. डिसेंबर. ऑक्टोबर. सगळ्यात वर पहिला फोन होता, जुलैमधल्या एका शनिवारचा. कुठून केला, तेही लिहिलं होतं: वाणसामानाच्या दुकानाबाहेरून.

कोलेटला आईने तिथेच सोडलेली ती भरलेली ढकलगाडी आठवली. मार्चच्या नोंदीखाली पोलिसाने फोनवरच्या बाईचं म्हणणं लिहून घेतलं होतं. तिथे नाव नव्हतं, म्हणून पट्टीही नव्हती.

"ठीक आहे म्हणाली तर ऐकू नका. लहानपणापासून असंच सांगते. तिचे हात बघा."

ओदिलबाई पुढच्या माणसाला हाक मारणार होत्या. कोलेटने तो फॉर्म पुन्हा मागून घेतला आणि रिकाम्या रकान्यात नदीकाठच्या घराचा पत्ता लिहिला. सहा वर्षांत तो एकदाही लिहिला नव्हता, पण हात कुठे अडला नाही.