जड पेडल

पेडल स्टील गिटारच्या एका पेडलानं महिनाभर वादकाचा जीव मेटाकुटीला आणला होता. पायानं पेडल दाबलं की तार ताणली जाऊन सूर चढायला हवा. पण डाव्या पायाखालचं पेडल इतकं जड झालं होतं, की सूर अर्ध्यावरच लटकायचा. त्यानं आधी शिलाई मशीनचं तेल घातलं, मग ग्रीस लावलं, मग ते पुसून घड्याळाचं पातळ तेल सोडलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी गिटार टॅक्सीत घालून त्यानं दुरुस्तीवाल्या मास्तरांचं दुकान गाठलं.

"मास्तर, आता तुम्हीच सांगा कोणतं तेल घालू. शनिवारी कार्यक्रम आहे."

म्हाताऱ्या मास्तरांनी आधीचा सगळा चिकटा पुसून काढला. प्रत्येक सांध्याला सुईच्या टोकानं एकेक थेंब दिला. मग एका हातानं तार छेडत दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पेडल दाबलं. ते अलगद खाली गेलं आणि सूर नेमका चढला.

"बस, आता तू दाब बघू."

वादकानं सगळा जोर लावला. कपाळावर घाम आला, पण सूर अर्ध्यावरच थांबला.

"बघा, अजून जडच आहे! दुसरं एखादं तेल नाही का?"

बाटलीला झाकण लावून मास्तर त्याच्या पायांकडे बघत राहिले.

"बाळा," अखेर ते हळूच म्हणाले, "पेडल ठीक आहे. डाव्या पायातली चप्पल रस्त्यात कुठेतरी निसटली, त्या पायाला कळलंच नाही का रे?"