गाव वगळा

"हे गाव काढून टाक," सत्यम सर म्हणाले आणि त्यांनी संघपालच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. बोटाखाली सिल्लोड तालुक्यातलं एक गाव होतं. संघपालचंच गाव.

ऑफिस शहरातल्या उस्मानपुऱ्यात, काम सर्चवरच्या जाहिरातींचं. लोकांनी मोबाईलला काही विचारलं, की उत्तराच्या डोक्यावर गिऱ्हाइकाची जाहिरात नेऊन बसवायची. सध्याचं गिऱ्हाईक म्हणजे शहरातलं एक कॅन्सरचं हॉस्पिटल. जाहिरात कुणी दाबली की दर वेळी हॉस्पिटलच्या खिशाला चाट बसायची. त्या गावातून जाहिरात रोज दाबली जात होती, फोन मात्र एकही येत नव्हता.

"टाइमपास करायलेत लोकं," सर म्हणाले. हॉस्पिटलच्या डॉक्टरसाहेबांना आजच रिपोर्ट द्यायचा होता. त्या गावातले लोक नेमकं काय विचारतात तेही सोबत जोड, म्हणजे हा सगळा कचरा आहे याची त्यांना खात्री पटेल, असंही त्यांनी बजावलं.

 दाबणारं बोट कुणाचं, हे संघपालला न बघताच कळलं होतं. मागच्या महिन्यात गावी गेला तेव्हा त्यानंच मायला, चतुराबाईला, ती जाहिरात दाखवली होती, हे मी लिहिलंय म्हणून. वर फुशारकीही मारली होती, की कुठल्या गावातून काय विचारलं जातं ते सगळं आम्हाला ऑफिसात बसल्या जागी दिसतं. चतुराबाईनं पदराला हात पुसून जाहिरात दाबून बघितली होती. आता तो तिचा रोजचा उद्योग झाला असणार, आणि गल्लीतल्या बायांनाही ती दाखवत सुटली असणार. लेकाचं कौतुक लेकाच्याच मुळावर आलं होतं. नोकरी अजून पक्की नव्हती. ही बाई आपली आई आहे हे सरांना कळलं, तर ती पक्की होण्याची आशाही नव्हती.

तो फोन घेऊन जिन्यात गेला. एका जागी उभं राहवेना, म्हणून पायऱ्या उतरत-चढतच त्यानं नंबर लावला. जय भीम झालं, आणि त्यानं थेट विचारलं, जाहिरात दाबतेस का तू?  ती म्हणाली, दाबते कधीमधी.

"माय, त्याचे पैसे पडतात. माझी नोकरी जाईल अशानं."

"मला वाटलं फुकट असतंय रं," चतुराबाई म्हणाली. "आता नाय दाबत."

जेवलास का, असं ती पुढं विचारत होती, पण त्यानं फोन ठेवून दिला. आपण तिच्याशी अगदी सरांच्या आवाजात बोललो, हे त्याला पायऱ्या चढताना जाणवलं. वाईट वाटलं, पण बला टळली म्हणून हायसंही वाटलं.

जागेवर येऊन त्यानं रिपोर्ट उघडला. तिथं नाव कुणाचंच दिसत नाही. गाव दिसतं आणि विचारलेले शब्द दिसतात. कुणाच्याही प्रश्नात गाठ हा शब्द आला की आपली जाहिरात दाखवायची, ही सोय संघपालनंच करून ठेवली होती. त्यामुळं लग्नगाठीपासून दोरीच्या गाठीपर्यंत काहीबाही येऊन पडायचं आणि ऑफिसात त्याची टिंगल व्हायची. आजही तसलंच काही असेल, ते खरडून डॉक्टरांना पाठवू, असा त्याचा हिशोब होता. चतुराबाईला लिहून विचारणं जमत नसे. ती मोबाईल तोंडाशी धरून बोलायची, आणि तिचं बोलणं जसंच्या तसं उमटलेलं होतं.

छातीत गाठ हाय पण दुखत नाय.

गाठ दुखत नसली तर चांगली असती का.

हळद लावल्यानं गाठ जिरती का.

आणि त्याखाली, गेल्या आठवड्यातलं: गाठीचं इचारलेलं पोराला दिसतं का, तो जाहिरातीत कामाला हाय.

संघपालनं ते पुन्हा वाचलं. तो उठला, बाटलीतलं पाणी प्यायला, बसला आणि लगेच परत उठला. जाहिरात दाबली की हॉस्पिटलचं पान उघडत होतं. पानाच्या तळाशी फोन नंबर होता. त्या नंबरापर्यंत ती रोज जात होती आणि तिथून माघारी फिरत होती. आणि तेवढंही करू नको, असं तो तिला मघाशीच दरडावून आला होता.

"काढलं का रे ते गाव?" सर मागं येऊन उभे राहिले होते.

"नाही काढलं."

"का?"

"तिथं पेशंट हाय, सर."

सर काहीतरी विचारत होते, पण त्यानं त्यांच्यासमोरच मोबाईल कानाला लावला.  काय विचारायचं, कसं विचारायचं, जीभ रेटेल की नाही, काहीच सुचत नव्हतं. पलीकडं पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"माय," तो म्हणाला.

"नाय दाबलं रं मी, तुझी शपथ," चतुराबाई घाईघाईनं म्हणाली. "मोबाईल मघापासून फळीवर ठिवलाय. आता फकस्त तुझा फोन वाजला म्हणून हातात घेतला."