शिवलेला दगड

वेंडेल फ्रीझनचा झाडू सरकत्या दगडाला शिवला आणि ते ऑरेस्ट ह्लाडूनने पाहिलं. दुसऱ्या कुणीच नाही. काचेमागे सगळा गाव दाटीवाटीने उभा होता, पण बर्फाच्या त्या टोकाला, रंगीत वर्तुळांपाशी, हे दोघेच होते. वेंडेल आपल्या संघाचा शेवटचा दगड लांब सरकावा म्हणून त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत होता, आणि ऑरेस्ट विरुद्ध संघाचा कप्तान.

दगड मधोमध येऊन थांबला, ऑरेस्टच्या दगडापेक्षा वीतभर आत. म्हणजे कर्लिंगचा, बर्फावर दगड सरकवायच्या या खेळाचा, पालिकेचा चषक वेंडेलकडे.

इथे पंच नसतो. सरकत्या दगडाला झाडू लागणं ही चूक, आणि ज्याचा झाडू शिवला त्यानेच ती कबूल करायची. दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याला या गव्हाच्या मुलखात लोक पुढच्या निवडणुकीतसुद्धा विसरत नाहीत.

ऑरेस्ट गप्प राहिला. चषकावर पाणी सोडायला तो आनंदाने तयार होता. पालिकेच्या अध्यक्षपदाची त्याची खुर्ची गेल्या निवडणुकीत याच वेंडेलने घेतली होती, तीही फक्त ‘सरळ माणूस’ एवढ्या भांडवलावर. शेतांपर्यंत खडीचे रस्ते नेले ऑरेस्टने, आणि मतं पडली सरळपणाला. तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. आज या सरळ माणसाने एकदाच तोंड मिटून बसावं, मग जन्मभर त्याच्याकडे बघून मनातल्या मनात हसता येईल.

वेंडेलने हात वर केला. “शिवला. माझा झाडू.”

आता दगड ठेवायचा की काढायचा, हे नियमाने ऑरेस्टने ठरवायचं होतं. मोठं मन दाखवायची वेळ होती, पण त्याच्याकडे ते त्या दिवशी नव्हतं. त्याने पायाने दगड बाजूला सारला. चषक त्याला मिळाला आणि टाळ्या वेंडेलला.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायचं, अशी रीत. दोन पेले घेऊन ऑरेस्ट वेंडेलच्या टेबलाशी बसला. लोक येऊन वेंडेलची पाठ थोपटून जात होते, त्यात ऑरेस्टची बायको डार्लीनही होती. ती गेल्यावर ऑरेस्ट हळूच म्हणाला, “मी बघितलं होतं.”

“माहितीये,” वेंडेल म्हणाला. “तू बघतोयस हे दिसलं म्हणून बोललो. नाहीतर कशाला बोलतोय?”

ऑरेस्टला ती व्हिस्की अमृतासारखी लागली. घरी जाताना गाडीत बसल्या बसल्या त्याने डार्लीनला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. तुमचा सरळ माणूस, म्हणाला, बघ कसा आहे ते.

डार्लीनने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

“म्हणजे तेही त्याने तुला खरं तेच सांगितलं,” ती म्हणाली.