सोनबाचा घोडा

“आता यात फक्त जीव घालायचा राहिलाय,” आप्पासाहेब सरदार म्हणाले. तेही दत्तोबा सुताराच्या देखत.

घोडा लाकडी होता, बाळराजांच्या वाढदिवसासाठी केलेला, आणि केला होता हडपसरच्या सोनबानं. दत्तोबानंही एक केला होता. तो बाळराजांनी एकदाच पाहिला आणि असं भोकाड पसरलं की दाईला आवरेना. तेव्हापासून दत्तोबाचा घोडा गोठ्यात होता. म्हशी त्याच्याकडे पाठ करून बसत.

ज्याचा घोडा बाळराजांना आवडेल, त्याला नव्या वाड्याचं सुतारकाम, असं ठरलं होतं. आजवर या सरदारांच्या दाराखिडक्यांना दत्तोबाच्या घराण्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

घरी दत्तोबाच्या बायकोनं, मैनानं, भाकरी वाढता वाढता विचारलं, “सोनबाच्या घोड्याला म्हणे पापण्यासुद्धा आहेत?”

“असतील.”

“आपण निदान डोळे तरी सारखे काढायचे होते.”

दत्तोबा अर्ध्या भाकरीवरून उठला.

दुपारी अवघी शनिवार पेठ झोपते, आणि वाड्याचा पहारेकरी पेठेतलाच होता. पडवीत सोनबाचा घोडा दोन जाड, सपाट फळ्यांवर ऐटीत उभा होता. दत्तोबानं रंधा काढला आणि फळ्यांची पुढची टोकं खालून तासली. घोडा पुढं कलला. नुसता पुढं कलून भागणार नव्हतं, म्हणून मागचीही तासली. पोटात आग होती, पण हाताला ओबडधोबड काम खपेना. दोन्हीकडं सारखी गोलाई आल्यावरच तो थांबला. वर कुठं कुसळ राहिलं नाही ना, तेही बोट फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना सदरेवर बोलावणं आलं. आप्पासाहेबांच्या मिशा रागात आणि आनंदात सारख्याच दिसत. त्यामुळे माणसं सावधगिरी म्हणून राग आहे असंच धरून चालत.

“घोड्याच्या फळ्या कुणी तासल्या?”

“मला ठावं न्हाय, सरकार,” सोनबा म्हणाला. “म्या सपाट ठिवल्या व्हत्या.”

“दत्तोबा?”

“जोगेश्वरीची आण, मी हातही लावला नाही.”

आप्पासाहेबांची नजर हलेना. दत्तोबानं सोनबाकडे बोट केलं.

“यानंच तासल्या, सरकार. या डोळ्यांनी पाहिलं. आता अंगाशी आलं म्हणून कानांवर हात ठेवतोय.”

“खोटं हाय ह्ये,” सोनबा म्हणाला.

“देवळात येऊन बोलू?”

“नको,” आप्पासाहेब म्हणाले. “आण घेतलीस, पुरे.”

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि सोनबाच्या मनगटात घातलं. आतून बाळराजांचं खिदळणं ऐकू येत होतं, आणि फरशीवर लाकडाचं डुगडुगणं.

“सकाळपासून झुलतायत. उतरायला तयार नाहीत. नव्या वाड्याचं काम तुझं, सोनबा.” मग ते दत्तोबाकडे वळले. “बरं झालं तू साक्ष दिलीस. हा भला माणूस कबूलच होत नव्हता.”