ओजस काय म्हणतो

पाळणाघरातल्या प्रशिक्षणाचा वृंदाचा पहिलाच आठवडा होता. बाळ रडलं की त्या रडण्याचा अर्थ तिच्या मनगटावरच्या पडद्यावर उमटायचा. तो आईबापांना जसाच्या तसा सांगायचा, असा पाळणाघर चालवणाऱ्या पेंढारकर मॅडमचा दंडक होता. भूक लागलीय, पोट दुखतंय, झोप येतेय, एवढंच काय ते असायचं.

चार महिन्यांचा ओजस मात्र पोट भरलेलं असलं तरी रडायचा. त्या दिवशी त्याची आई मेघना त्याला न्यायला आली आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर आलं, 'दुसरा कुठे आहे?'

"काय म्हणतोय गं माझा सोन्या?" मेघनाने विचारलं.

वृंदाने मनगट पाठीमागे लपवलं. "भूक लागलीय त्याला, ताई," ती कशीबशी म्हणाली.

"खोटं नको बोलूस." मेघनाचा आवाज एकदम खाली आला. "घरचं असलंच यंत्र मी त्यापायीच बंद केलंय. जुळे होते गं. दुसरा पोटातच गेला. वाटलं, इथे चार मुलांत तरी हा विसरेल."

ओजसचं रडणं चढतच गेलं. मेघनाने त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "मलाही ठाऊक नाही रे, बाळा."